डॉटच्या पुढचा देश

शेगावच्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयाचा इंटरनेटवरचा पत्ता 'एसी डॉट इन'ने संपतो. त्याच गावातल्या गजानन महाराज संस्थानाचा पत्ता 'डॉट ओआरजी'ने संपतो. बुलढाणा जिल्हा प्रशासनाचं संकेतस्थळ वर्षानुवर्षं 'एनआयसी डॉट इन'वर नांदलं. आणि खामगाव, चिखलीच्या नागरी सहकारी बँकांना 'बँक डॉट इन'वर येण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये काढला. एकाच जिल्ह्यातल्या चार पत्त्यांच्या या चार शेपट्या. चिखलीतल्या पापड-मसाले करणाऱ्या एखाद्या बचत गटाला यातली कुठली मिळेल, किती पैशांत मिळेल आणि त्यासाठी कुठला कागद दाखवावा लागेल, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

देशाच्या नावाची दोन अक्षरी शेपटी कुठून आली, हे आधी सांगायला हवं. इंटरनेटवरच्या नावांची वही सुरुवातीची कित्येक वर्षं जॉन पोस्टेल नावाचा एक दाढीवाला अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ सांभाळत होता. कुठला प्रदेश देश आहे आणि कुठला नाही, या भानगडीत पडायचं नाही, असं त्याने ठरवलं. आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेची देशांच्या दोन अक्षरी खुणांची यादी तयारच होती, ती त्याने उचलली. भारताला 'आयएन', कॅनडाला 'सीए', अमेरिकेला 'यूएस'. ब्रिटन तेवढा आपल्या चालीने गेला. यादीत त्याची खूण 'जीबी' आहे, पण वापरात 'यूके'च आलं. मार्च १९९४ मध्ये पोस्टेलने हे नियम लिहून काढले. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या दोन गोष्टी त्या टिपणात आहेत. पहिली, देशाच्या शेपटीचा कारभार पाहणारा हा मालक नव्हे, तो विश्वस्त. दुसरी, प्रत्येक देशाच्या शेपटीसाठी किमान एक प्रशासकीय जबाबदार माणूस त्या देशात राहणारा असला पाहिजे. म्हणजे रहिवासाची अट मुळात नाव घेणाऱ्याला नव्हती, नाव देणाऱ्याला होती. घेणाऱ्याला कुठली अट घालायची, हे प्रत्येक देशाने आपलं आपण ठरवलं, आणि तिथूनच सगळा गोंधळ आणि सगळी गंमत सुरू झाली.

भारताची शेपटी ८ मे १९८९ रोजी नोंदली गेली आणि तिचा कारभार मुंबईत आला. जुहूला नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी नावाची सरकारी संशोधन संस्था होती. डॉ. एस. रमाणी तिचे प्रमुख होते. देशातल्या शिक्षणसंस्थांचं जाळं बाहेरच्या जगाशी जोडण्याचं काम तिथे चालायचं. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळायला अजून सहा वर्षं होती. विदेश संचार निगमने ते १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू केलं. त्या काळात 'डॉट इन' हवं असेल तर कागद दाखवावे लागत. थेट 'डॉट इन' कुणाला मिळतच नसे. कंपनी असेल तर 'सीओ डॉट इन', ना-नफा संस्था असेल तर 'ओआरजी डॉट इन', अशा खोल्या ठरलेल्या होत्या आणि आपण त्या खोलीत बसतो हे आधी पटवून द्यावं लागे. परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. १९९२ ते २००४ या बारा वर्षांत साऱ्या देशातून जेमतेम सात हजार नावं नोंदली गेली. सॉफ्टवेअरच्या निर्यातीवर मान ताठ करणारा हा देश स्वतःच्या कंपन्यांना मात्र 'डॉट कॉम'च्या दारात उभा करत होता.

मग धोरण उलटं फिरलं. निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, ही ना-नफा कंपनी २००३ मध्ये स्थापन झाली होती. तिच्याकडे कारभार गेला. जानेवारी २००५ मध्ये ट्रेडमार्कवाल्यांना पहिली संधी मिळाली आणि १६ फेब्रुवारी २००५ ला दरवाजा सगळ्यांसाठी उघडला. सगळ्यांसाठी म्हणजे खरोखरच सगळ्यांसाठी. तुम्ही भारतीय असण्याची, भारतात राहण्याची, इथे कंपनी असण्याची अट राहिली नाही. मोताळ्याचा माणूस आणि मेक्सिकोचा माणूस एकाच रांगेत, जो आधी पोहोचेल त्याचं नाव. २०१० पर्यंत आकडा सहा लाखांवर गेला आणि आता तो चाळीस लाखांच्या घरात आहे. दर उतरले ते याच गर्दीमुळे.

तेव्हा बचत गटाला 'डॉट इन' मिळेल का? हो, आज दुपारीच मिळेल. प्रश्न आहे तो स्वस्तात म्हणजे नेमका कितीत, आणि मिळाल्यावर ते कुणाचं.

आधी पैशाचं बोलू. डोमेन, म्हणजे शेपटीसकट हे अख्खं नाव, विकत मिळत नाही, ते वर्षाच्या कराराने मिळतं. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षं. निक्सी स्वतः गिऱ्हाइकाला नाव देत नाही. ती रजिस्ट्रार कंपन्यांना घाऊक दराने देते, रजिस्ट्रार रिसेलरला देतो, आणि बऱ्याचदा गावातला कॉम्प्युटर दुकानदार हा त्या रिसेलरचाही गिऱ्हाईक असतो. मुंबईच्या तुरखिया बंधूंनी १९९८ मध्ये सुरू केलेली डिरेक्टी ही कंपनी याच साखळीवर मोठी झाली. साखळीतल्या प्रत्येक कडीला आपला हिस्सा हवा असतो. तो पहिल्या वर्षाच्या किमतीत दिसत नाही, तो दिसतो रिन्यूअलमध्ये.

उदाहरणादाखल दोन काल्पनिक दुकानं घेऊ. पहिल्याची जाहिरात: 'डॉट इन फक्त ९९ रुपये.' खाली बारीक अक्षरात, दुसऱ्या वर्षापासून ८५० रुपये. दुसऱ्या दुकानात जाहिरात नाही, दरवर्षी सरळ ५५० रुपये. दहा वर्षांचा हिशेब मांडा. पहिल्याकडे ९९ अधिक नऊ वेळा ८५०, म्हणजे ७,७४९ रुपये. दुसऱ्याकडे ५,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर अनुक्रमे सुमारे ९,१४४ आणि ६,४९० रुपये. दर साल अडीचशेहून जास्त रुपयांचा हा फरक 'स्वस्त' दुकानातच जातो. शिवाय नाव पहिल्यापासून दुसऱ्याकडे न्यायचं म्हटलं तर ऑथ कोड, म्हणजे नाव हलवण्याचा परवलीचा शब्द, मागावा लागतो, आणि नव्याने घेतलेलं नाव पहिले साठ दिवस हलवता येत नाही. म्हणून दुकान निवडताना पहिल्या वर्षाचा दर विचारूच नये असं माझं मत आहे. रिन्यूअलचा दर विचारावा, आणि ऑथ कोड स्वतःच्या खात्यातून मिळतो की फोन करून मागावा लागतो, हे विचारावं. या दुसऱ्या प्रश्नावर जो दुकानदार घुटमळतो त्याच्याकडे न गेलेलं बरं.

पण पैशापेक्षा नाजूक गोष्ट पुढे आहे. नाव नोंदवताना एक फॉर्म भरला जातो: नोंदणीदाराचं नाव, संस्था, पत्ता, ईमेल, मोबाइल. या नोंदीला 'हू-इज' म्हणतात आणि डोमेनच्या बाबतीत तिचं वजन शेताच्या सातबाऱ्याएवढं असतं. पैसे कुणी भरले, वेबसाइट कुणी बनवली, फलकावर नाव कुणाचं आहे, याला अर्थ नाही. नोंदीत ज्याचं नाव, त्याचं डोमेन. आणि तालुक्याच्या ठिकाणी हा फॉर्म बहुतेक वेळा भरतो वेबसाइट करून देणारा मुलगा. तो स्वतःचं नाव टाकतो, स्वतःचा ईमेल टाकतो, कारण ओटीपी पटकन मिळतो आणि काम संध्याकाळपर्यंत उरकतं. त्यात लबाडी असतेच असं नाही. पण तो पुण्याला नोकरीला गेला, त्याने सिम बदललं, किंवा पैशांवरून वाजलं, की सूचना येतात त्याच्या बंद मेलवर आणि नाव एका सकाळी गळून पडतं. मुदत संपल्यावर काही दिवसांची सवलत असते, त्यानंतर दंड भरून सोडवून घेण्याचा काळ असतो. ही दोन्ही दारं बंद झाली की नाव पुन्हा बाजारात, आणि बाजारात अशा नावांवर टपून बसलेले संगणक दिवसरात्र जागे असतात.

बचत गटाची आणखी एक अडचण आहे. गट म्हणजे कायद्याच्या भाषेत व्यक्ती नव्हे. गटाचं बँकेत खातं असतं, ठरावाची वही असते, पण कंपनीसारखं स्वतंत्र अस्तित्व नसतं. शेतकरी उत्पादक कंपनीला ते असतं, १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेल्या सोसायटीला असतं. त्यामुळे उत्पादक कंपनीने डोमेन कंपनीच्याच नावाने घ्यावं. बचत गटाने अध्यक्ष किंवा सचिव ताईंच्या नावाने घ्यावं, पण वहीत ठराव लिहावा: हे नाव गटाचं, अमुक ताई पदावर आहेत तोवर त्यांच्या नावाने नोंदलेलं, पद बदललं की नोंद बदलायची. पाच ओळींचा ठराव पुरतो. ईमेलसाठी एक वेगळं खातं काढावं आणि त्याचा पासवर्ड दोघींकडे असावा. आणि हा ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा. कारण डोमेन बंद पडलं की त्यावरचा ईमेलही बंद, आणि डोमेन का बंद पडलं हे सांगणारं पत्र त्याच ईमेलवर!

रहिवासाची अट नसली तरी ओळखीची अट आता घट्ट होत चालली आहे. 'डॉट इन' घेताना रजिस्ट्रार ओळखपत्र मागतात, बऱ्याच ठिकाणी आधारवरून ई-केवायसी होतं. आपली नोंद भाडोत्री नावाआड लपवण्याची सोय 'डॉट कॉम'मध्ये सर्रास विकली जाते, 'डॉट इन'मध्ये निक्सी तिला परवानगी देत नाही. नोंदीतलं नाव, पत्ता खोटा निघाला तर डोमेन गोठवलं जाऊ शकतं. त्यामुळे पत्त्याच्या चौकटीत 'बस स्टँडजवळ, चिखली' असं लिहून भागत नाही. आधारवर जसा पत्ता आहे तसाच लिहावा, पिन कोडसकट.

आता ज्या शेपट्या पैसे टाकून मिळत नाहीत त्यांच्याकडे वळू. 'जीओव्ही डॉट इन' सरकारी कार्यालयांना मिळतं. 'एसी डॉट इन' शिक्षणसंस्थांना, आणि ते देणारी एकच संस्था, अर्नेट इंडिया. शेगावचं अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ चं, अमरावती विद्यापीठाशी संलग्न. त्याच्या पत्त्यामागे अशा मान्यतेचे कागद उभे आहेत. खामगावात दहावी-बारावीचे क्लास चालवणाऱ्या सरांनी कितीही पैसे मोजले तरी त्यांना ती शेपटी मिळणार नाही. अशा शेपटीची खरी किंमत हीच. विद्यार्थ्याला कुणी प्रवेशाच्या नावाखाली बनावट लिंक पाठवली तर शेवटची अक्षरं वाचून शंका घेता येते.

बँकांचं प्रकरण याच विचारातून पुढे आलं. ७ फेब्रुवारी २०२५ च्या पतधोरणात रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं की भारतीय बँकांसाठी 'बँक डॉट इन' ही राखीव शेपटी असेल, आणि पुढे बिगरबँक वित्तसंस्थांसाठी 'फिन डॉट इन'. २२ एप्रिलला परिपत्रक निघालं, ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत ठरली. देणारी संस्था एकच, हैदराबादची आयडीआरबीटी. स्टेट बँकेला जो नियम, तोच बुलढाणा जिल्हा केंद्रीय सहकारी बँकेला, तोच चिखली अर्बनला आणि खामगाव अर्बनलाही. मोबाइलवर आलेल्या मेसेजमधली लिंक खरी बँकेची आहे का, हे ओळखायला साध्या खातेदाराला आजवर काहीच खूण नव्हती. आता शेवटची दोन पदं वाचता आली तरी पुष्कळ झालं.

इथे बुलढाण्यात एक मजेदार पेच आहे. जिल्ह्यातली सगळ्यांत नावाजलेली आर्थिक संस्था म्हणजे १९८६ मध्ये सुरू झालेली बुलडाणा अर्बन. लोक सरसकट तिला बँक म्हणतात, 'बँकेत जाऊन येतो' म्हणून तिच्या शाखेत जातात. पण ती आहे पतसंस्था, बहुराज्यीय सहकारी पतसंस्था. रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर चालणाऱ्या बँकेसाठीची शेपटी तिला लागू होत नाही. ठेवीदाराने यातून चांगलं-वाईट असा अर्थ काढू नये. पण आपण पैसे नेमके कुठल्या प्रकारच्या संस्थेत ठेवतो, हे आता पत्त्यावरूनही कळू शकतं. पात्रता अशी एकदाची मिळवून ठेवायची वस्तूही नसते. मलकापूर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने जुलै २०२३ मध्ये रद्द केला. तेव्हा 'बँक डॉट इन' नव्हतं. यापुढे मात्र एखाद्या बँकेचा परवाना गेला तर तिचा या शेपटीवरचा हक्कही त्याबरोबर जाईल.

पात्रता टिकवण्याचा हा मुद्दा परदेशी शेपट्यांमध्ये जास्त जाचक होतो. वऱ्हाडातली मुलं आता अमेरिका-कॅनडात, जर्मनीत आहेत, आणि तिकडे घरगुती मसाल्यांचा छोटा धंदा, मराठी शाळा, ढोलपथक काही ना काही सुरू करतात. मग तिथल्या देशाची शेपटी घ्यावीशी वाटते. अमेरिकेच्या 'डॉट यूएस'ला 'नेक्सस' नावाची अट आहे. तुम्ही अमेरिकेचे नागरिक असा, ग्रीन कार्डवाले असा, किंवा तुमचं मुख्य निवासस्थान अमेरिकेत असावं. संस्था असेल तर ती तिथे नोंदलेली असावी किंवा तिचा तिथे खराखुरा कारभार असावा. म्हणजे न्यू जर्सीत एच-वन-बीवर घर करून राहिलेल्या चिखलीच्या मुलाला ते मिळू शकतं, चिखलीत बसलेल्या त्याच्या भावाला नाही. शिवाय २००५ मध्ये अमेरिकी सरकारने 'डॉट यूएस'च्या नोंदी पडद्याआड ठेवायला मनाई केली. गंमत म्हणजे याच अमेरिकेत पोस्टेलच्या काळात शहर आणि राज्य यांच्या नावांखाली मिळणारी लांबलचक स्थानिक नावं फुकट होती.

कॅनडा आणखी कडक. तिथे नागरिक किंवा कायम रहिवासी असावं लागतं, संस्था असेल तर कॅनडात नोंदलेली. टोरांटोत शिकायला गेलेली बुलढाण्याची मुलगी दोन वर्षं तिथे राहिली, भाडं भरलं, कर भरला, तरी केवळ विद्यार्थी व्हिसावर तिला 'डॉट सीए' मिळत नाही. तिच्या महाराष्ट्र मंडळाला मात्र, ते तिथे रीतसर नोंदलेलं असेल तर, मिळतं. मंडळाच्या नावाने घेणं हाच तिथला सरळ मार्ग. ऑस्ट्रेलियातही साधारण हेच.

युरोपीय संघाने उलटं केलं: सुरुवातीला फक्त संघात राहणाऱ्यांना 'डॉट ईयू' मिळायचं, ऑक्टोबर २०१९ पासून संघाचा नागरिक जगात कुठेही राहात असला तरी त्याला मिळतं. संघात राहणाऱ्या परक्या नागरिकालाही ते मिळतं, म्हणजे बर्लिनमध्ये नोकरी करणाऱ्या शेगावच्या इंजिनीअरला अडचण नाही. पण रहिवासाची अट किती खरी असते, ते ब्रिटनने दाखवलं. ब्रिटन संघातून बाहेर पडला आणि १ जानेवारी २०२१ ला ब्रिटनमधल्या लोकांची सुमारे ऐंशी हजार 'डॉट ईयू' नावं गोठली. ज्यांनी जूनअखेरपर्यंत संघातला पत्ता किंवा नागरिकत्व दाखवलं त्यांची वाचली, बाकीच्यांची रद्द झाली. नाव घेताना सगळे पात्र होते, पैसेही वेळेवर भरलेले होते. देशच हलला, त्याला ते काय करणार!

देश पार नाहीसा झाला तर? युगोस्लाव्हियाचं तेच झालं. तिची 'डॉट वाययू' ही शेपटी ३० मार्च २०१० ला कायमची बंद झाली. सध्या हिंदी महासागरातल्या चागोस बेटांच्या वाट्याला आलेल्या 'डॉट आयओ'बद्दल हीच कुजबुज आहे, कारण ती बेटं मॉरिशसला देण्याचा करार ब्रिटनने मे २०२५ मध्ये केला. आपल्याकडचे बरेच स्टार्टअपवाले ऐटीत 'डॉट आयओ' लावून बसले आहेत. त्यांनी निदान हे वाचून ठेवावं.

ज्या देशांनी रहिवासाची अट टाकून दिली त्यांच्यात दोन टोकं दिसतात. एक टोक कॅरिबियन समुद्रातलं अँग्विला. लोकसंख्या जेमतेम पंधरा-सोळा हजार, पण यादीत तिच्या वाट्याला 'एआय' ही अक्षरं आली आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली. २०२३ मध्ये या नावांतून तिथल्या सरकारला सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर मिळाले, सरकारी महसुलाच्या एक पंचमांशाहून जास्त. दुसरं टोक प्रशांत महासागरातलं टोकेलाऊ. त्याची 'डॉट टीके' ही शेपटी फ्रीनॉम नावाची कंपनी चक्क फुकट वाटत असे, माली आणि गॅबॉनच्या शेपट्याही तिच्याचकडे होत्या. फुकट म्हटल्यावर विद्यार्थी आले, हौशी लोक आले, आणि त्यांच्या मागोमाग फसवणूक करणारे आले. मार्च २०२३ मध्ये फेसबुकच्या मेटा कंपनीने फ्रीनॉमवर दावा लावला, त्याआधीच नवी नोंदणी थांबली होती. गॅबॉनने आणि मालीने आपापल्या शेपट्या काढून घेतल्या आणि २०२४ मध्ये कंपनीने हा धंदाच सोडला. फुकट नाव घेणाऱ्यांना करारातलं एक कलम तेव्हा कळलं: नोंदणीदार म्हणून नाव फ्रीनॉमचंच होतं, वापरणाऱ्याला फक्त वापराची मुभा होती. चिखलीच्या त्या वेबसाइटवाल्या मुलाचा किस्सा जगाच्या पातळीवर घडला, एवढंच.

याच जातीची आणखी एक सोय बाजारात मिळते. ज्या देशाला स्थानिक पत्ता लागतो तिथला पत्ता भाड्याने देणारे एजंट असतात. खामगावच्या निर्यातदाराला सिंगापूरची शेपटी हवी, तर एजंट वर्षाचे पैसे घेऊन आपलं नाव लावतो. काही देशांत हे नियमात बसतं, काही देशांत बसत नाही. बसलं तरी नोंद एजंटाची असते आणि वाद झाला तर परदेशातल्या कोर्टात जाऊन ती आपली आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. ज्या गिऱ्हाइकाला माल विकायचा आहे त्याला 'डॉट इन' चालत नाही असं क्वचितच असतं. वऱ्हाडातला माल वऱ्हाडच्या पत्त्यावरून विकण्यात कसला कमीपणा?

घरच्या शेपटीतही निवड आहेच. निक्सीने अलीकडे 'इन'च्या पोटात बरेच नवे विभाग काढले. त्यात बिहार, दिल्ली, गुजरात, यूपी या नावांचे विभाग आहेत; महाराष्ट्राच्या नावाचा मला दिसला नाही. सहकारासाठी 'कूप डॉट इन' आहे. तरी माझा कल साध्या 'डॉट इन'कडे आहे, कारण फोनवर सांगायला ते सोपं. पत्ता सांगताना दोनदा 'डॉट' म्हणावं लागलं की पलीकडचा माणूस हमखास चुकतो.

आणि चुकण्याला बुलढाण्यात आधीच वाव भरपूर. इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'डी'नंतर 'एच' घालायचा की नाही, यावर जिल्ह्याचंच एकमत नाही. प्रशासन घालतं, बुलडाणा अर्बन घालत नाही. चिखलीत 'एच'नंतर 'ए' येतो की सरळ 'एल', सिंदखेड राजा जोडून की तोडून, असे वाद प्रत्येक तालुक्याला आहेत. गावाचं नाव डोमेनमध्ये असेल तर दोन्ही स्पेलिंग घ्यावीत आणि एक दुसऱ्याकडे वळवावं. एका जादा नावाचा वर्षाचा खर्च पाचशे-हजाराच्या आत राहतो. न घेतलेलं स्पेलिंग दुसऱ्याने घेतलं तर निक्सीच्या तंटा-निवारण धोरणाखाली लवादाकडे जाता येतं, पण तिथे तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नाव तुमच्या हक्काच्या नावाशी फसवं साम्य असलेलं आहे, त्या माणसाचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं किंवा वापरलं. गावाच्या नावावर असा हक्क कुणा एकाचा नसतोच, तेव्हा तिथे पहिल्या मुद्द्यावरच अडतं.

देवस्थानांच्या बाबतीत हे जास्त जपायला हवं. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये भाविकांना सावध केलं होतं की यात्रेची ठिकाणं, गेस्ट हाउस, हॉटेल यांच्या नावाने बनावट संकेतस्थळं काढून आगाऊ पैसे उकळले जातात. शेगावला येणारा भाविक सोलापूरहून किंवा इंदूरहून निघण्याआधी मोबाइलवर 'भक्तनिवास' शोधतो आणि पहिली दिसेल ती लिंक उघडतो. शेगावचं नाव आणि पुढे 'डॉट इन' असलेली लिंक त्याला खरी वाटते. पण 'डॉट इन' म्हणजे भारतीय, आणि भारतीय म्हणजे भरवशाचं, हे समीकरण २००५ च्या फेब्रुवारीतच संपलं. ती शेपटी घेणारा कोण आहे हे शेपटीवरून कळत नाही, 'बँक डॉट इन'वरून कळतं तसं. म्हणून खोलीचे पैसे भरण्याआधी संस्थानाच्या मुख्य संकेतस्थळावरचा फोन लावून विचारणं हाच उपाय.

शेवटी मराठीतल्या शेपटीचं. निक्सीने २७ ऑगस्ट २०१४ ला देवनागरीतलं 'डॉट भारत' सुरू केलं. मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी, मैथिली, बोडो, डोगरी आणि सिंधी अशा आठ भाषांसाठी ही एकच शेपटी, पुढे इतर लिप्यांतल्याही आल्या. इंग्रजी न वाचणाऱ्या गिऱ्हाइकाला पत्ता वाचता यावा, ही कल्पना चांगलीच आहे. आत यंत्राला देवनागरी कळत नाही, म्हणून 'भारत'चं रूपांतर रोमन अक्षरांत होतं: आधी 'एक्स-एन', मग दोन आडव्या रेघा, मग 'एच-टू-बी-आर-जे-नाइन-सी'. हे रूपांतर ब्राउझर करतो, आपल्याला दिसत नाही; पण कधीकधी व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली की तीच जंत्री उघडी पडते आणि समोरच्याला व्हायरस आल्यासारखं वाटतं. जानेवारी २०२१ मध्ये 'डॉट इन' घेणाऱ्यांना भारतीय भाषेतलं नाव फुकट देण्याची योजना निक्सीने काढली होती. तरी वापर वाढला नाही, कारण देवनागरी पत्त्यावरचा ईमेल अजून कित्येक ऑनलाइन फॉर्म 'चुकीचा' म्हणून परत करतात. आणि इथेही आपला जिल्हा आडवा येतोच: वर्तमानपत्रं 'बुलडाणा'ही छापतात आणि 'बुलढाणा'ही.

तेव्हा बचत गटाने पापडाच्या पुड्यावर 'डॉट इन'चा पत्ता छापावा, गिऱ्हाइकांसाठीचा ईमेलही त्यावरचाच द्यावा; नोंदणीचा ईमेल तेवढा वेगळा ठेवावा. 'डॉट भारत' मिळालं तर घेऊन 'डॉट इन'कडे वळवून ठेवावं, दुकानाच्या पाटीवर ते मोठ्या अक्षरात रंगवावं. ऑर्डर कुठूनही आली तरी एकाच ठिकाणी येईल.